२०२० चा चक्रीवादळांचा हंगाम: वादळाची श्रेणी आणि किनाऱ्यावरचे नुकसान

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. २०२० साली उत्तर हिंद महासागरात नेहमीपेक्षा जास्त चक्रीवादळे झाली का? अम्फानला ‘महाचक्रीवादळ’ आणि निसर्गला केवळ ‘तीव्र चक्रीवादळ’ म्हटले गेले, तरीही श्रीवर्धनची आपली वडिलोपार्जित वाडी एका दुपारीत आडवी कशी झाली? आणि अरबी समुद्रात आता हे दरवर्षी होणार का? मी तीसहून अधिक वर्षे हवामानाच्या पूर्वानुमानाचे काम केले आहे आणि निवृत्तीनंतरही प्रत्येक हंगाम पहिल्या ढगापासून शेवटच्या ढगापर्यंत पाहत आलो आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे मला सर्वांत अगत्याचे वाटते, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र थोडक्यात देता येते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून त्या वर्षी नाव मिळालेली पाच चक्रीवादळे झाली: मे महिन्यात अम्फान, जूनच्या सुरुवातीस निसर्ग, आणि नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या प्रारंभी गती, निवार आणि बुरेवी. वर्षाला साधारण पाच चक्रीवादळे हीच या समुद्रांची सरासरी आहे. त्याआधीच्या २०१९ मध्ये आठ झाली होती आणि त्यांपैकी पाच एकट्या अरबी समुद्रात होती. त्यामुळे संख्येच्या दृष्टीने २०२० हे अगदी सामान्य वर्ष होते. योगायोगाने नावांची जुनी यादीही त्याच वर्षी संपली. आठ देशांनी सुचवलेली ६४ नावे २००४ पासून वापरात होती. त्यांतले शेवटचे नाव थायलंडने दिलेले अम्फान. एप्रिल २०२० मध्ये तेरा देशांची १६९ नावांची नवी यादी जाहीर झाली आणि तिच्यातले पहिले नाव, बांगलादेशाने सुचवलेले निसर्ग, कोकणच्या वाट्याला आले. चौसष्ट नावे संपायला सोळा वर्षे लागली, यावरूनही आपल्या समुद्रांचा वेग कळतो. पॅसिफिक महासागराच्या तुलनेत येथे वादळे फार थोडी होतात. असे असूनही जगातल्या सर्वाधिक जीवघेण्या चक्रीवादळांपैकी बरीचशी बंगालच्या उपसागरातली आहेत. १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसे गेली. संख्या आणि हानी यांचा संबंध किती सैल आहे, हे एवढ्यावरूनच दिसते.

आता श्रेणीविषयी. भारतीय हवामान विभाग वादळाला जी श्रेणी देतो, ती केवळ एका मोजमापावर ठरते. केंद्राभोवती तीन मिनिटांच्या सरासरीने वाऱ्याचा कमाल वेग किती, एवढेच तिच्यात पाहिले जाते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वेग असेल तर त्याला डिप्रेशन म्हणतात आणि ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन. ६२ पासून चक्रीवादळ सुरू होते आणि नाव मिळते. ८९ च्या पुढे ते तीव्र होते, ११८ च्या पुढे अतितीव्र, १६७ च्या पुढे अत्यंत तीव्र, आणि २२२ किंवा त्याहून अधिक वेग असेल तर महाचक्रीवादळ. या व्याख्येत पाऊस नाही, समुद्राच्या पाण्याची चढ नाही, वादळाचा व्यास नाही आणि ते एका जागी किती तास थांबणार हेही नाही. जमिनीवर काय उभे आहे, याच्याशी तर तिचा काहीच संबंध नाही. श्रेणी हे वादळाच्या गाभ्याचे वर्णन आहे. तिच्यावरून आपल्या गावात काय होईल हे वाचायला गेले की फसगत होते, आणि ही फसगत वर्तमानपत्रांची, वाहिन्यांची आणि कधीकधी प्रशासनाचीही होते.

आणखी एक बाब. वाहिन्यांवर जी श्रेणी गाजते, ती बहुधा वादळाने खोल समुद्रात गाठलेली सर्वोच्च श्रेणी असते. अम्फान १८ मेच्या दुपारी महाचक्रीवादळ झाले. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता आणि केंद्राचा दाब ९२० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. १९९९ च्या ओडिशातील वादळानंतर बंगालच्या उपसागरात एवढे प्रबळ वादळ झाले नव्हते. पण २० मे रोजी सुंदरबनच्या किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत ते दोन पायऱ्या उतरले होते. जमिनीवर आले ते १५५ ते १६५ च्या वेगाने, म्हणजे अतितीव्र चक्रीवादळ म्हणून. निसर्ग ३ जूनला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले ते ११० ते १२० च्या वेगाने. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रातले अम्फान आणि किनाऱ्यावरचे निसर्ग अशी तुलना केली तर जोर चौपटीहून जास्त दिसतो, पण दोन्ही किनाऱ्यांवरची तुलना केली तर तो जेमतेम दुप्पट भरतो. नावापुढच्या विशेषणांनी जेवढे अंतर भासवले, तेवढे ते जमिनीवर नव्हते.

आता श्रीवर्धनकडे येतो. १ जूनला पहाटे अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झाले. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात दाखल झाला. २ जूनच्या दुपारी त्या डिप्रेशनचे चक्रीवादळ झाले, ३ जूनच्या पहाटे ते तीव्र झाले आणि दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान त्याने किनारा ओलांडला. नाव मिळाल्यापासून किनाऱ्यावर येईपर्यंत पुरते चोवीस तास गेले. कुलाबा आणि गोवा येथील रडारच्या चित्रांत तो आवर्त उत्तरेकडून हळूहळू ईशान्येकडे वळताना मी सकाळपासून पाहत होतो. सारा देश मुंबईकडे डोळे लावून बसला होता आणि मला काळजी मुंबईच्या दक्षिणेची वाटत होती. त्याचे कारण सांगतो.

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वादळ समुद्राकडून पूर्वेला किंवा ईशान्येला जमिनीवर येत असेल, तर केंद्राच्या उत्तरेकडच्या गावांत वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. केंद्राच्या दक्षिणेकडच्या गावांत तो समुद्रावरून थेट किनाऱ्यावर आदळतो. शिवाय वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग उजव्या बाजूच्या वाऱ्यात मिळवला जातो आणि डाव्या बाजूच्या वाऱ्यातून वजा होतो. मुंबई डाव्या बाजूला राहिली. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोट, मंडणगड आणि दापोली हा पट्टा केंद्राला लागून किंवा त्याच्या उजव्या बाजूला आला. केंद्र आणखी साठ-सत्तर किलोमीटर उत्तरेला आले असते, तर नकाशावर रेघ फारशी हललेली दिसली नसती, पण मुंबई महानगराच्या बऱ्याच भागावर समुद्राकडचा वारा आला असता आणि आजची चर्चा वेगळीच झाली असती. मुंबई वाचली याचे श्रेय या भूमितीला आहे. ते वादळाच्या सौम्यपणाला देणे चूक ठरेल.

पाण्याच्या बाबतीतही वेळ आपल्या बाजूने होती. दर्यावर काम करणारी माणसे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. ५ जूनला वटपौर्णिमा होती, म्हणजे वादळ आले त्या दिवशी द्वादशी संपून त्रयोदशी लागली होती. त्या हिशेबाने भरती सकाळी साडेनऊ-दहाच्या आसपास येते. केंद्र किनाऱ्यावर आले तेव्हा ओहोटी लागून दोन-तीन तास होऊन गेले होते. पौर्णिमेजवळची मोठी भरती आणि वादळाने चढवलेले पाणी यांची गाठ पडली असती, तर दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांत खारे पाणी शिरले असते. झाडे पडणे हे मोठे नुकसान आहे, पण जमिनीत मीठ उतरले की नवे रोपही लावता येत नाही. पूर्वानुमान करणाऱ्याच्या मनात त्या सकाळी हा हिशेब चाललेला असतो, आणि श्रेणीच्या पाटीवर तो कुठेच दिसत नाही.

मग वाऱ्यानेच एवढे का पाडले? नोंदी उपलब्ध आहेत तिथपर्यंत मागे गेले, म्हणजे १८९१ पर्यंत, तर जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एवढे जोरदार वादळ आलेले दिसत नाही. ओडिशा किंवा आंध्रचा किनारा दर काही वर्षांनी झोडपला जातो. तिथली कमकुवत झाडे आधीच्या वादळांत पडून गेलेली असतात, घरे बांधताना लोकांच्या डोक्यात वारा असतो आणि आसऱ्यासाठी पक्क्या इमारती उभ्या असतात. कोकणाला हा सराव नव्हता. दोन-तीन पिढ्यांची झाडे एका वेळी उभी होती आणि पहिल्याच मोठ्या वाऱ्यात ती सगळी एकदम तपासली गेली. पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, मुळे उथळ, खोड बारीक आणि उंच, आणि लागवड दाट. एक पोफळ मोडली की ती शेजारच्या दोघींना घेऊन जाते. माड एकटा असेल तर वाकून उभा राहतो, पण त्याच्यावर आंबा किंवा फणस पडला तर तोही जातो. त्यातच जून हा शाकारणीचा, म्हणजे पावसाआधी छप्पर दुरुस्त करून घेण्याचा, काळ. टाळेबंदीमुळे साहित्य आणि माणसे न मिळाल्याने अनेक घरांची ती कामे अर्धवट राहिली होती. कौले आणि पत्रे उडाले आणि लगेच मोसमी पाऊस सुरू झाला. वाऱ्याने काही तासांत केलेले नुकसान पावसाने पुढे कित्येक आठवडे वाढवले. विजेचे खांब एवढे पडले होते की काही गावे महिन्याहून अधिक काळ अंधारात होती.

या वादळात महाराष्ट्रात सहा माणसे गेली. दुःख कमी-जास्त मोजता येत नाही, पण एवढ्या वाऱ्यात एवढ्यावर निभावले, कारण लोक वेळेवर हलवले गेले आणि होड्या किनाऱ्यावर होत्या. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले तेव्हा ते निसर्गपेक्षा पुष्कळ हलके होते, तरी रत्नागिरी-रायगडच्या नौका समुद्रात सापडल्या आणि खलाशी परतले नाहीत. त्या रात्रीची आठवण अजूनही माझी पाठ सोडत नाही. हलक्या श्रेणीचे वादळ अधिक जीव घेऊ शकते, हे मी पुस्तकात वाचण्याआधी तिथे पाहिले होते.

मालमत्तेच्या बाबतीत निसर्गचे मोजमाप नीट झाले, असे मला वाटत नाही. सरकारी मदतीचा हिशेब हेक्टरवर चालतो, आणि कोकणातली वाडी असते काही गुंठ्यांची. पाच गुंठ्यांत शंभर-दीडशे पोफळी, थोडे माड, मधून मिरीचे वेल आणि जायफळ. हेक्टरी दराने त्या कुटुंबाच्या हाती किती येणार? झाडागणिक भरपाई द्यावी ही मागणी तेव्हा झाली, ती याच कारणाने, आणि ती रास्त होती. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. वादळाच्या एका दुपारीमागे उत्पन्नाविना जाणारी ही वर्षे कोणत्याही श्रेणीत बसत नाहीत.

अम्फानकडे पुन्हा वळतो, कारण त्याच्याही बाबतीत खरी हानी श्रेणीने सांगितल्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी झाली. १३ मेला कमी दाबाचे क्षेत्र, १६ मेला डिप्रेशन, त्याच संध्याकाळी चक्रीवादळ आणि दोन दिवसांच्या आत महाचक्रीवादळ, असा त्याचा प्रवास झाला. उपसागराचे पाणी तेव्हा ३० ते ३१ अंश सेल्सिअस तापलेले होते आणि वरच्या व खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फारसा फरक नव्हता. चक्रीवादळाचा ढगांचा खांब सरळ उभा राहायला हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा असतो. पावसाळ्याच्या ऐन महिन्यांत समुद्र उबदार असूनही मोठी चक्रीवादळे होत नाहीत, कारण खाली जोरदार पश्चिमी वारे आणि वर तितकेच जोरदार पूर्वेचे वारे असतात, आणि त्या ओढाताणीत खांब मोडतो. म्हणून आपल्याकडे हंगामाचे दोन तुकडे पडतात, एक पावसाळ्याआधीचा आणि एक नंतरचा.

उपसागराचे उत्तर टोक नरसाळ्यासारखे निमुळते आणि उथळ आहे. वाऱ्याने ढकललेले पाणी तिथे पसरू शकत नाही, ते चढत जाते. पश्चिम बंगालमधल्या उत्तर आणि दक्षिण चोवीस परगणा या दोन्ही जिल्ह्यांसाठी नेहमीच्या भरतीवर चार ते पाच मीटर पाणी चढण्याचा इशारा दिला गेला होता. सुंदरबनातील मातीचे बांध फुटले आणि शेतांत व तळ्यांत खारे पाणी शिरले. २००९ च्या आयला वादळानंतर ज्या जमिनी काही वर्षांनी पुन्हा भातासाठी तयार झाल्या होत्या, त्यांतल्या अनेक पुन्हा खारटल्या. कोलकात्यात दमदमला ताशी १३३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, शहरात हजारो झाडे पडली आणि कॉलेज स्ट्रीट या पुस्तकबाजारात साचलेल्या पाण्यात पुस्तके तरंगली. जागतिक हवामान संघटनेने भारतातील नुकसान सुमारे १,४०० कोटी डॉलर एवढे धरले आहे.

तरीही भारत आणि बांगलादेश मिळून मृत्यू शंभराहून थोडेच अधिक झाले. १९९९ मध्ये ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली होती. हा फरक वादळाच्या सामर्थ्यातला नाही. मार्ग आणि वेळ यांचे पूर्वानुमान, ते शेवटच्या घरापर्यंत पोहोचवणारी माणसे आणि रिकामी केलेली गावे यांनी तो घडवला आहे. त्यातही २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे आसऱ्याच्या इमारतीत नेहमीच्या निम्मी माणसेच ठेवायची होती, म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या इमारती जोडून घ्याव्या लागल्या. बांगलादेशाने तर बारा हजारांहून अधिक आसरे उघडले. दोन्ही देशांत पन्नास लाखांच्या जवळपास लोक घराबाहेर पडले. घराबाहेर पडू नका, असे सगळीकडे सांगितले जात असताना घर सोडा असे सांगणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना या कामातल्या माणसालाच येईल.

आता त्या वर्षातल्या अशा प्रकरणाकडे येतो, ज्याला नावच मिळाले नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात एक डीप डिप्रेशन तयार झाले आणि १३ ऑक्टोबरच्या सकाळी ते काकीनाड्याजवळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ६२ ला पोहोचला नाही, म्हणून ते चक्रीवादळ ठरले नाही आणि वाहिन्यांनी उलटी गणतीही लावली नाही. पण जमिनीवर आल्यावर त्याने सारी आर्द्रता ओतली. हैदराबादजवळच्या घटकेसरला चोवीस तासांत ३२ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला, शहरातल्या वस्त्या बुडाल्या आणि एकट्या तेलंगणात किमान पन्नास माणसे गेली. तेच क्षेत्र पुढे पश्चिमेकडे सरकत सोलापूर, पंढरपूर, इंदापूर आणि पुण्यावर आले. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. भीमेला पूर आला, आणि काढणीला आलेले सोयाबीन व उभा ऊस पाण्याखाली गेला. नंतर ते अरबी समुद्रात उतरून पुन्हा काही काळ डिप्रेशन म्हणून नोंदले गेले. आपण ज्या निसर्गविषयी विचारता, त्यापेक्षा कितीतरी जास्त बळी या बेनाव क्षेत्राने घेतले. माझ्या मते २०२० च्या हंगामातली ही सर्वांत कमी अभ्यासली गेलेली घटना आहे, आणि किनाऱ्यापासून दोन-चारशे किलोमीटर आत राहणाऱ्या महाराष्ट्रीय माणसाशी तिचा संबंध पाचही नामांकित वादळांपेक्षा जवळचा आहे.

गतीचे प्रकरण याच्या उलट टोकाचे आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अरबी समुद्राच्या नैर्ऋत्येला ते जन्मले आणि अवघ्या एका दिवसात झपाट्याने प्रबळ झाले. आपल्या विभागाने तीन मिनिटांच्या सरासरीने त्याचा वेग ताशी १४० किलोमीटर धरला, तर अमेरिकी नौदलाच्या केंद्राने एका मिनिटाच्या सरासरीने १८५. दोन आकडे पाहून कोणीतरी चुकले असे समजू नये. सरासरीचा काळ वेगळा आहे आणि उपग्रहाच्या चित्रावरून अंदाज करण्याची रीतही वेगळी आहे. २२ नोव्हेंबरला ते सोमालियात रास हाफूनजवळ किनाऱ्यावर आले. त्या देशावर नोंदींच्या काळात एवढे जोरदार वादळ आलेले नव्हते. जिथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस होतो, त्या उत्तर सोमालियात दोन दिवसांत त्याहून जास्त पडला. एवढ्या दूरच्या पावसाचे आपल्याला काय, असे वाटेल. पण २०१८ मध्ये मेकुनू आणि लुबान या दोन चक्रीवादळांनी अरबस्तानच्या वाळवंटात पाणी साचवले, तिथे वाळवंटी टोळांच्या पिढ्या वाढल्या, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या राजस्थान-मध्य प्रदेशातून मे २०२० मध्ये अमरावती-नागपूरच्या संत्रीबागांपर्यंत आल्या. ओमानच्या वाळवंटातला पाऊस दोन वर्षांनी विदर्भात उतरला, एवढा हा धागा लांब आहे.

निवार आणि बुरेवीविषयी थोडक्यात. निवार २५ नोव्हेंबरच्या मध्यरात्री पुदुच्चेरीच्या उत्तरेला मरक्काणमजवळ आले. चेन्नईत २०१५ च्या पुराची धास्ती ताजी होती, म्हणून चेम्बरम्बाक्कम तलाव काठोकाठ भरण्याची वाट न पाहता पाण्याची पातळी २२ फुटांवर गेल्यावर सुरुवातीला १,००० क्युसेक एवढाच विसर्ग सुरू करण्यात आला. बुरेवीने २ डिसेंबरच्या रात्री श्रीलंका ओलांडली. ते दक्षिण तमिळनाडू पार करून केरळकडे जाईल असे वाटत होते आणि केरळात तशी तयारीही झाली होती. प्रत्यक्षात ते मन्नारच्या आखातात रामनाथपुरमजवळ येऊन थबकले आणि तिथेच विरत गेले. वाऱ्याचा धोका टळला, पण थांबलेले क्षेत्र सतत ओलावा ओढत राहिले आणि शेकडो किलोमीटर उत्तरेला चिदंबरम व कोल्लिडम परिसरात एका दिवसात ३० सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला. वादळ चालत असते तोवर त्याचा मार्ग आता आम्ही बऱ्यापैकी सांगू शकतो. ते थांबणार आहे हे आधी ओळखणे अजून अवघड जाते, आणि हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आपला तिसरा प्रश्न अरबी समुद्राचा. पूर्वी उपसागरात चार वादळे झाली तर इकडे एक, असे ढोबळ प्रमाण मानले जाई. सोमालियाच्या किनाऱ्यावर खोलातून वर येणारे थंड पाणी आणि वाळवंटाकडून येणारी कोरडी हवा यांनी अरबी समुद्र शांत ठेवला होता. आता तो तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि त्यांचा टिकण्याचा काळही वाढला. हा निष्कर्ष मी गंभीरपणे घेतो. पण त्यावरून ‘आता दरवर्षी कोकणात निसर्ग’ असे म्हणता येणार नाही. अरबी समुद्रातली बहुतेक वादळे ओमान, येमेन, सोमालिया किंवा गुजरातकडे जातात, काही समुद्रातच विरतात, आणि थेट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वळणारी फार विरळ असतात. मुंबईला जबर तडाखा देणारे १९४८ च्या नोव्हेंबरातले वादळ लोकांच्या आठवणीत इतकी वर्षे राहिले, ते त्याच विरळपणामुळे. धोका वाढला आहे एवढे निश्चित, पण तो किती वर्षांनी दार ठोठावेल हे इतक्या थोड्या उदाहरणांवरून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. शिवाय वादळाने किनारा ओलांडलाच पाहिजे असेही नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आपल्या किनाऱ्याला समांतर समुद्रातूनच गुजरातकडे गेले आणि जाताजाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या आंब्याचा उरलेला हंगाम घेऊन गेले.

वाडी पुन्हा उभी करायची आहे असे आपण लिहिले आहे. लागवडीचा सल्ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून घ्यावा, तो माझा विषय नाही. वाऱ्यापुरते एवढे सांगतो की वाडीच्या नैर्ऋत्य आणि पश्चिम कडेला उंडी किंवा सुरूसारख्या झाडांची जाड, वेगवेगळ्या उंचीची ओळ हवी. तिच्यातून वारा थोडा गाळून आत यावा. भिंतीसारखा अडवलेला वारा वरून उडी घेतो आणि पलीकडे अधिक जोराने खाली येतो.

आणि पुढच्या वेळी हवामान विभागाचे पत्रक हाती आले की सर्वांत वर मोठ्या अक्षरांत छापलेली श्रेणी वाचून थांबू नये. केंद्र कोणत्या दोन ठिकाणांच्या दरम्यान येणार हे पाहावे आणि आपले गाव त्या रेषेच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला, हे ठरवावे. वेळ पाहावी आणि तिथीवरून भरतीशी ताडून घ्यावी. पाणी नेहमीच्या भरतीवर किती चढणार, ते वेगळ्या ओळीत दिलेले असते. त्यानंतर पावसाचा जिल्हावार तक्ता येतो, आणि तो केंद्रापासून दूरच्या जिल्ह्यांनीही वाचायचा असतो. मार्गाच्या नकाशावर जो पसरत जाणारा शंकू दिसतो, तो वादळाचा आकार नाही. केंद्र कुठे कुठे असू शकेल, याची ती हद्द आहे. वारा तिच्या बाहेरही असतो. पत्रक दर तीन तासांनी बदलते, म्हणून सकाळचे पत्रक दुपारी जुने समजावे.